बोन्सायला पाणी कधी घालायचं

नमस्कार मंडळी. बोन्साय म्हटलं की सगळे आधी कात्रीचं आणि तारेचं विचारतात, मी मात्र पाण्याचं सांगणार आहे, आणि त्याच्याही आधी यामाकींच्या पाइनची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववतच नाही.

हिरोशिमातलं हे यामाकी कुटुंब, पिढ्यानपिढ्या बोन्साय करणारं. त्यांच्याकडे एक जपानी व्हाइट पाइन होता, १६२५ पासून जोपासलेला. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला, आणि यांचं घर तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर. काचा फुटून घरच्यांच्या अंगात घुसल्या, पण माणसं वाचली, आणि नर्सरीच्या उंच भिंतीआड होता म्हणून पाइनही वाचला. पुढे १९७६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून जपानने बोन्साय भेट पाठवले, त्यात मासारू यामाकींनी हे झाड दिलं. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच दिलं हो! आणि त्याचा गाजावाजाही केला नाही, २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला आजोबांचं झाड बघायला गेले तेव्हा कुठे म्युझियमवाल्यांना सगळी हकीकत कळली. मला काय भिडतं सांगू, शहर बेचिराख झालेलं असताना त्या दिवसांतही कुणीतरी ह्या झाडाला पाणी घातलं असणार, नाहीतर कुंडीतलं झाड ऑगस्टच्या उन्हात टिकतंय कुठे.

तर पाणी. कुंडी उथळ, माती थोडी, म्हणून मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ लागतं. घड्याळ बघून घालू नका, मातीत बोट घालून बघा, वरचा थर सुकला असेल तरच घाला आणि तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. परत सांगते, बोट घालून बघा. जूनपासून आपल्याकडे नुसता कोसळतो, तेव्हा कुंडीच्या एका बाजूखाली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, कपची सरकवा, तिरकी झाली की पाणी निथळतं. नुसती तांबडी माती नको, घट्ट बसते, त्यात जाड रेती आणि विटेचे बारीक तुकडे मिसळा.

गोव्याच्या दमट हवेत पाइनच्या मागे लागू नका, वड, पिंपळ, चिंच, बोगनवेल घ्या. पिंपळाचं रोप तर गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीच्या, फटीत फुकट मिळतं, अर्थात गडगा उघड्या चिऱ्यांचा असेल तर, हल्ली जो तो त्याला प्लास्टर करून वर रंग फासतो, इतका देखणा दगड झाकून टाकायचा म्हणजे मला खरंच वाईट वाटतं.

आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवू नका, ह्या झाडांना ऊन लागतं. पाहुणे येणार असतील तर एक-दोन दिवस आत आणा, मग परत बाल्कनीत.