नऊ नंबरचा खेळाडू गेला कुठे?

मंडळी, हंगेरीच्या फुटबॉल संघाचा विषय निघाला की दोन स्कोअर हमखास ऐकू येतात. 1953 साली लंडनच्या वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध 6-3 आणि 1954 साली बर्नला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध 2-3. पहिल्याला जादू म्हणतात, दुसऱ्याला दुर्दैव. मला दोन्ही शब्द पटत नाहीत. वेम्बलीवर ज्या मांडणीने सहा गोल केले, त्याच मांडणीतल्या फटींतून बर्नला तीन गोल बसले, असं माझं म्हणणं आहे.

आधी फळ्यावर इंग्लंड मांडू. तेव्हा तिथे डब्ल्यू-एम पद्धत चालायची. मागे तीन (दोन कडांना फुलबॅक, मधोमध सेंटर हाफ), त्यांच्यापुढे मधल्या फळीत दोन हाफ, मग दोन इनसाइड फॉरवर्ड, सर्वांत पुढे तीन (दोन कडांना विंगर, मधोमध नऊ नंबर). पाठीवरचा नंबर म्हणजेच कामाची वाटणी. पाच नंबरच्या सेंटर हाफने समोरच्या नऊ नंबरला धरायचं, दोन आणि तीन नंबरच्या फुलबॅकनी विंगरना, आणि चार-सहा नंबरच्या हाफनी इनसाइड फॉरवर्डना. प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं. समोरचा संघही असाच उभा राहतो, तोवर सगळं सुरळीत.

हंगेरीचा नऊ नंबर होता नांदोर हिदेगकुटी. तो पुढे उभाच राहत नसे. मैदानाच्या मध्यभागी मागे यायचा, तिथून चेंडू वाटायचा. बुडापेस्टच्या एमटीके क्लबमध्ये मार्टोन बुकोवी या प्रशिक्षकाने ही कल्पना घोटून घेतली होती. राष्ट्रीय संघाच्या गुस्ताव शेबेशने ती उचलली. (याच एमटीकेमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात जिमी होगन नावाच्या इंग्रज प्रशिक्षकाने आखूड पासचे धडे दिले होते. म्हणजे इंग्लंडला फटका बसला त्यात थोडा घरचाच माल होता.)

आता इंग्लंडचा पाच नंबर हॅरी जॉन्स्टन याच्या जागी स्वतःला ठेवा. हिदेगकुटीच्या मागे पुढे सरकलात, तर पाठीमागे भलंमोठं भगदाड पडतं आणि त्यात हंगेरीचे इनसाइड फॉरवर्ड पुश्काश आणि कोचिश घुसतात. जागेवर थांबलात, तर हिदेगकुटी मोकळा. बरं, दोन्ही हाफ आधीच या पुश्काश-कोचिशमध्ये अडकलेले, मग त्याला धरणार कोण? 25 नोव्हेंबर 1953 ला या प्रश्नाला नव्वद मिनिटांत उत्तर सापडलं नाही. पहिल्याच मिनिटाला हिदेगकुटीचा गोल, सामन्यात एकूण तीन. मध्यंतरालाच 4-2. युरोप खंडातल्या संघाकडून इंग्लंड घरच्या मैदानावर हरलं ते पहिल्यांदाच.

तिसरा गोल जरा जवळून बघा. 24वं मिनिट. डाव्या विंगचा त्सिबोर उजवीकडे आलेला. तिथून त्याने चेंडू गोलच्या उजव्या कोपऱ्याजवळ पुश्काशला दिला. इंग्लंडचा कप्तान बिली राइट घसरत टॅकलला आला. पुश्काशने डाव्या पायाचा तळवा चेंडूवर ठेवून तो मागे ओढला. राइट चेंडू नसलेल्या जागेवरून सरळ पुढे घसरत गेला आणि पुश्काशने त्याच डाव्या पायाने जवळच्या खांबाच्या आतून चेंडू मारला. लोक त्या तळव्याचं कौतुक करतात, करावंच. पण डावा विंगर त्या क्षणी उजवीकडे काय करत होता, हेही विचारा. नंबर बघून माणूस धरणाऱ्यांचा सगळा हिशोब तिथेच चुकला होता.

पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला परतीचा सामना झाला, तोही हंगेरीने 7-1 ने जिंकला.

मागची बाजू कशी होती? हाफ असूनही झाकारियाश सेंटर हाफ लोरांतच्या शेजारी मागे यायचा, म्हणजे बचावात जवळजवळ चार जण. पुढे रूढ झालेल्या 4-2-4 चं (मागे चार, मध्ये दोन, पुढे चार) हे आधीचं रूप. पण दुसरा हाफ बोझिक स्वभावानेच पुढे जाणारा. वेम्बलीवर पाचवा गोल त्याचाच. फुलबॅकही वर चढायचे. गोलरक्षक ग्रोशिच पेनल्टी क्षेत्र सोडून पुढे येत पाचव्या बचावपटूसारखा खेळायचा. चेंडू हातचा गेला की मागे माणसं कमी. सहा गोल केले त्या दिवशी तीन खाल्लेही होते, हे कोणी मोजत नाही.

मे 1950 मध्ये व्हिएन्नाला ऑस्ट्रियाकडून हरल्यानंतर चार वर्षं हा संघ हरला नव्हता. मधल्या काळात 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं सुवर्णपदक, अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियावर 2-0. याच युगोस्लाव्हियाने त्या स्पर्धेत आपल्याला 10-1 ने हरवलं होतं आणि आपले कित्येक खेळाडू अनवाणी होते. त्या काळातलं अंतर कळावं म्हणून सांगितलं.

1954 च्या विश्वचषकातले हंगेरीचे आकडे ओळीने वाचा: दक्षिण कोरिया 9-0, पश्चिम जर्मनी 8-3, ब्राझील 4-2, उरुग्वे 4-2, आणि शेवटी जर्मनीशी 2-3. पाच सामन्यांत 27 गोल. एका विश्वचषकात इतके गोल आजवर कुणी केलेले नाहीत. आणि खाल्ले दहा. त्या 8-3 च्या सामन्यात जर्मन प्रशिक्षक सेप हेर्बर्गरने बरेच राखीव खेळाडू उतरवले होते. नियमच तसा होता: गटात मानांकित संघ एकमेकांशी खेळायचे नाहीत आणि गुण सारखे झाले तर फेरसामना. हंगेरीशी हरलो तरी तुर्कस्तानला पुन्हा हरवलं की काम झालं, हे हेर्बर्गरने ओळखलं. त्याच सामन्यात लीब्रिखच्या टॅकलने पुश्काशचा घोटा दुखावला.

अंतिम सामन्यात हेर्बर्गरने हिदेगकुटीमागे होर्स्ट एकेल हा हाफ लावला. त्यामुळे सेंटर हाफ लीब्रिखला जागा सोडावी लागली नाही. वेम्बलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं, आणि ते इतकं साधं होतं.

बाकीच्या गोष्टी त्यावर येऊन पडल्या. चार दिवस आधी हंगेरी उरुग्वेशी जादा वेळ खेळलेली. पुश्काशचा घोटा बरा झालेला नव्हता आणि बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हतीच. शेबेशने उजवा विंगर बुदाई वगळून त्सिबोरला उजवीकडे हलवलं. वरून पाऊस. जर्मनांच्या बुटांना बूट बनवणाऱ्या आदी डास्लरचे स्क्रूने बदलता येणारे स्टड (तळाचे खुंट) होते, चिखलासाठी लांबडे लावले.

आठव्या मिनिटाला हंगेरी 2-0. अठराव्या मिनिटाला 2-2. हंगेरीचा एक फटका खांबावर, एक आडव्या दांड्यावर; कोलमायरने एक चेंडू रेषेवरून काढला. 84व्या मिनिटाला जर्मनीच्या राहनचा गोल. शेवटी पुश्काशने चेंडू जाळ्यात मारला, पण वेल्श लाइन्समन ग्रिफिथ्सचा झेंडा वर होता. तो ऑफसाइड होता का, यावर आजही वाद घालतात. मी घालत नाही. सहा गोल करायची सवय असलेल्या संघाला दोनची आघाडी राखायची सवय नव्हती.

1956 च्या हंगेरीतल्या उठावाच्या वेळी या खेळाडूंचा होनवेद क्लब परदेशात होता. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परतलेच नाहीत. पुश्काश रेआल माद्रिदला गेला, बाकीचे दोघे बार्सिलोनाला. 31 मे 1961 ला युरोपियन कपचा अंतिम सामना बर्नच्या त्याच वांकडॉर्फ मैदानावर होता, बार्सिलोना विरुद्ध बेनफिका. बार्सिलोनाचा एक गोल कोचिशने केला, दुसरा त्सिबोरने. बेनफिका 3-2 ने जिंकली. त्यांचा प्रशिक्षक होता बेला गुटमन, तोही हंगेरियनच.