कूलरच्या टाकीतला पांढरा थर

मार्च सरत आला की नागपुरात माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. नवं गवत बसतं, पंप तपासला जातो. टाकी धुताना दरवर्षी तेच दिसतं: तळाला पांढरा, खरखरीत थर. ही पापडी खरवडली की खाली तांबूस पत्रा. कुठेकुठे तर आरपार भोक.

पाण्यानं लोखंड गंजतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण भोक पापडीखालीच का पडलं?

बोअरचं पाणी खडकातून येताना चुना घेऊन येतं. बायकार्बोनेटच्या रूपात तो विरघळलेला असतो, म्हणून पाणी नितळ दिसतं. गवतावरून ठिबकताना त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. शुद्ध पाण्यात ते लिटरमागे जेमतेम 14 मिलिग्रॅम विरघळतं. जास्तीचं दगड होऊन पत्र्याला धरतं.

मीठ मात्र लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मावतं. त्यामुळे बोअरच्या पाण्यातल्या मिठाचं क्लोराइड पाण्यातच राहतं. मे महिन्याच्या 45 अंशांत पाणी उडत जातं, आपण वरून ओतत राहतो आणि क्लोराइड साठत जातं.

थर सलग आणि घट्ट असता, तर त्यानंच पत्रा सांभाळला असता. पाणीपुरवठ्याच्या लोखंडी नळांत असा पातळ थर हवाच असतो. पाणी थर धरेल की विरघळवेल, हे ताडण्याची रीत अमेरिकी प्राध्यापक विल्फ्रेड लँगलिअर यांनी 1936 मध्ये मांडली.

कूलरमधला थर तुटक असतो. बाहेर ऑक्सिजन भरपूर, पापडीखाली जवळजवळ नाहीच. या तफावतीमुळे खालचा पत्रा अॅनोड, म्हणजे गंजणारी बाजू, होतो. लोखंड तिथून सुटतं, क्लोराइड तिकडेच ओढलं जातं आणि त्या बारीकशा जागेत आम्ल तयार होतं. जस्ताचा मुलामा आधीच संपलेला असेल, तर खड्डा खोल जायला वेळ लागत नाही.

कोराडीच्या वीजकेंद्रातले शीतमनोरे म्हणजे प्रचंड कूलरच. तिथं फिरतं पाणी क्षारांनी जड झालं की थोडं सोडून देतात, ताजं घेतात. घरच्या टाकीलाही तळाशी बूच असतंच. ते आठवड्यातून एकदा काढलं, तरी साठलेलं क्लोराइड वाहून जातं.

आणि डामर लावण्याआधी पापडी पूर्ण खरवडा, पत्रा कोरडा होऊ द्या. वरून काळं चकचकीत दिसलं, तरी राहिलेल्या पापडीखाली ओल आणि क्लोराइड तसंच असतं.