फाळक्यांचं नाशिक

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी हे दादासाहेब फाळके स्मारक. पण फाळक्यांचं नाशिक एवढ्यात मावत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म इथे, ब्रह्मगिरीच्या कुशीतल्या त्र्यंबकेश्वरला, ३० एप्रिल १८७० रोजी. चित्रपट काढायचाच या जिद्दीने १९१२ साली ते इंग्लंडला गेले. वॉल्टन-ऑन-टेम्स या नदीकाठच्या गावात सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतलं काम पाहिलं, आणि पुढे विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणवलं.

हे यंत्र नीट बघा. तेव्हा कच्ची फिल्म कोरी यायची, कडांना भोकं नसायची. मग कॅमेऱ्यातले दाते ती पुढे ओढणार कशी? एका चित्राला दोन्ही बाजूंनी चार-चार भोकं. फूटभर फिल्ममध्ये सोळा चित्रं, म्हणजे १२८ भोकं. अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र थरथरणार. उजेड लागला की फिल्म वाया, म्हणून सगळं अंधारात.

दादरच्या घरी हे काम दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके करत. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री अंधाऱ्या खोलीत ही भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा. तेवढ्याचाच हिशेब पावणेपाच लाखांच्या घरात जातो! दादासाहेबांना चित्रपटाचे जनक म्हणताना सरस्वतीबाईंचं नाव त्याच दमात घ्यायला हवं.

३ मे १९१३ला चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. पौराणिक चित्रपटाला आणखी काय लागतं? हे घाट, ही काळ्या दगडाची देवळं, हे डोंगर, सगळं हाताशी. ‘मोहिनी भस्मासुर’ इथेच झाला. हरिश्चंद्राची तारामती अण्णा साळुंके झाले होते; इथे पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी त्यांची लेक कमलाबाई. आपल्या पडद्यावर बाईची भूमिका बाईने केली, ती या गोदाकाठी.

१९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. पुढे बोलपट आले, मूकपटांचे दिवस सरले. १६ फेब्रुवारी १९४४ला दादासाहेब नाशिकमध्येच वारले. त्यांचे बहुतेक चित्रपट आज नाहीत.

१९१९चा ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा शिल्लक आहे. त्यातला कृष्ण म्हणजे मंदाकिनी, दादासाहेब आणि सरस्वतीबाईंची मुलगी. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके तिचा चेहरा जवळून दाखवतात. बघा, एवढीशी पोर एकामागून एक भाव कसे बदलते.