मोगर, मोहन आणि मंद आच

(दृश्य : मोठ्या भगोन्यात भिजलेली डाळ, त्यात हात)

अमळनेर, खानदेशातलं जळगाव जिल्ह्यातलं गाव. अजून उजाडायचंय. भगोन्यात मूग मोगर भिजत पडली आहे, सालं काढलेली, पिवळीधमक. वहिनी दोन दाणे उचलून नखाने तोडून बघतात. नख सहज रुतलं पाहिजे, पण दाण्याचा लगदा व्हायला नको. डाळ जास्त भिजली तर पाणी पिऊन बसते, आणि ते पाणी पुढे कढईत दगा देतं.

कचोरी म्हटलं की माणूस थेट शेगावला पोचतो. पोचावं. ती विदर्भाची, तिचा मान तिला. पण इकडे सुरत-भुसावळ लाइनीवरच्या गावांतही मूगडाळीची कचोरी रोज तळली जाते, आणि तिच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. खानदेश म्हटलं की शेवभाजी आणि भरीत. झालं.

(दृश्य : मुगाचं शेत, काळ्या पडलेल्या शेंगा, तोडणाऱ्या बाया)

मृगाचा पाऊस झाला की मूग पेरायचा. साठ-सत्तर दिवसांचं पीक. पोळा-गणपतीच्या सुमाराला शेंगा काळ्या पडतात आणि तोडणी सुरू होते. कपाशीचा पैसा यायला अजून अवकाश असतो, तेव्हा सणावाराचा खर्च हा मूग भागवतो. वर जमिनीला नत्र देऊन जातो तो वेगळाच.

पुढचा मुक्काम जळगावच्या डाळ मिलचा. तिथे मुगाला तेलपाण्याचा हात लागतो, तो वाळतो, साल सैल होतं, मग दाणा फुटून डाळ होते. जळगावची डाळ देशभर जाते. तिच्यातलीच काही किलो या भगोन्यात आली आहे.

(दृश्य : भरड वाटलेली डाळ, कढईत मसाला)

डाळ निथळून भरड वाटायची. बोटाला कणी लागली पाहिजे. कढईत तेल, तेलात हिंग, मग जिरं, आणि अर्धवट कुटलेले धणे-बडीशेप. बडीशेपेला इथे हात आखडत नाहीत. त्यावर थोडं बेसन. चवीपेक्षा ते ओल शोषायला असतं. मग डाळ, लाल तिखट, मीठ, आमचूर.

आणि मग परतणं. कॅमेरा इथे बराच वेळ थांबलाय, कारण कचोरीचं खरं काम हेच आहे. बाजारात आता सारणात बटाटा घालतात, कालच्या शेवेचा चुरा घालतात. वजन भरतं, कष्ट वाचतात. डाळीला मात्र उलथनं सोडून उठता येत नाही. सारण कढईच्या कडा सोडू लागतं, मोकळं होतं, वाफ येईनाशी होते, तोवर परतायचं. आत ओल राहिली तर तळताना तिची वाफ होते आणि कचोरी फुटते. नाही फुटली तरी तासाभरात मऊ पडते.

(दृश्य : मैद्यात मोहन, मूठ)

आता मोहन, म्हणजे मैद्यात चोळायचं तूप किंवा तेल. किलोभर मैद्याला साधारण पाव किलो. मैदा दोन्ही तळव्यांत चोळत राहायचा, ओल्या वाळूसारखा होईपर्यंत. मुटका वळला आणि तो सुटला नाही, म्हणजे मोहन बसलं. स्निग्धांश पिठाला चिवट होऊ देत नाही, म्हणून पापुद्रा खुसखुशीत निघतो.

मोहनाला हे घर वनस्पती तूप वापरतं, आणि अमळनेरात त्याला इतिहास आहे. १९४५ साली याच गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. वनस्पती तूप आणि खाद्यतेल करायची. तीच पुढे विप्रो. जगाला ती संगणकामुळे माहीत आहे, सुरुवात मात्र तुपाच्या डब्यापासूनची आहे.

(दृश्य : लाटी, वाटी, सारण, मिटलेलं तोंड. निवेदन नाही, फक्त आवाज)

(दृश्य : कढई, तेलाच्या तळाशी कचोऱ्या)

तेल बघा. धूर नाही, खळखळ नाही. कचोरी सोडली की ती तळाशी जाऊन बसते. बारीक बुडबुडे सुटतात आणि सावकाश, आपल्या मर्जीने ती वर येते. तेल कडक असेल तर वरून लगेच लाल होते, अंगभर फोड येतात, आणि आतला मैदा तसाच कच्चा. मंद आचेवर एका घाण्याला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. मोठ्या बर्नरवर हेच काम निम्म्या वेळात उरकणारे पुष्कळ आहेत. त्यांची कचोरी फोडून बघा, आतली कड ओढल्यासारखी चिवट लागते.

झारा हातात धरलेले भाऊ वर न बघताच सांगतात, "घाई करी ते कचोरी मझार कच्ची ऱ्हाई." मझार म्हणजे आत.

(दृश्य : भाऊंचा हात, मनगटापासून कोपरापर्यंत)

तेलाचा डबा महागला, गॅस महागला, मुगाचा पेरा कपाशी-मक्यापुढे आक्रसत चाललाय. कचोरीचा भाव मात्र चार रुपयांनी वाढवला तरी गिऱ्हाईक कुरकुरतं.

(दृश्य : गाडीवर गर्दी, मंगळवार)

मंगळवारी मंगळग्रह मंदिराला बाहेरगावची माणसं येतात, त्या दिवशी घाणे वाढतात. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा तर बघायलाच नको. कचोरी अंगठ्याने मधोमध फोडायची, सोबत तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. चटणी मागितली तर मिळते. मागणाऱ्याकडे भाऊ जरा बघतात, एवढंच.

(दृश्य : रेल्वे स्टेशन, पिशवीत पुडा)

उरलेल्या कचोऱ्या पुड्यात बांधून सुरतेला निघतात. उधना, लिंबायत भागात आपली खानदेशी माणसं घरटी सापडतील, कामाला गेलेली आणि तिथेच राहिलेली. सारण कोरडं असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही कचोरी खुसखुशीत असते. गरम करायची तर तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता. मायक्रोवेव्हमध्ये घातलीत तर वहिनींना सांगू नका.