घास आणि घासामधला वेळ

पडद्यावरची ही रेषा दाताच्या पृष्ठभागावरचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, दाखवते; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त. ग्लुकोजच्या पाण्याने एकदा चूळ भरली, की काही मिनिटांतच ती झपाट्याने खाली घसरते आणि त्यानंतर साधारण अर्ध्या ते एका तासात हळूहळू पूर्वपदावर येते. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात अशी मोजमापे प्रसिद्ध केली. दातांना कीड कशी लागते हे समजून घ्यायचे, तर आजही सुरुवात याच रेषेपासून करावी लागते.

दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे इनॅमल. वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. मात्र त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे मोडलेले हाड जसे सांधते, तसा इनॅमलला पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हे आम्ल सौम्य करते आणि सामू वर आला की तीच खनिजे दाताला परत मिळवून देते. पण या दुरुस्तीला वेळ लागतो, आणि तोच आपण तिला देत नाही.

एका बैठकीत संपवलेले गोड आणि तेवढेच गोड दिवसभर थोडे थोडे चघळणे यांत पोटाला फारसा फरक जाणवणार नाही. दातांना मात्र तो मोठा असतो. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील मनोरुग्णालयात १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट टॉफीने कीड कितीतरी अधिक वाढते. ज्यांच्या दातांवर हे सिद्ध झाले, ते बौद्धिक अक्षमता असलेले रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नव्हते. हा निष्कर्ष सांगताना एवढे सांगणे आवश्यक आहे.

याचा अर्थ साखरेचे प्रमाण गौण आहे, असा नाही. मुक्त शर्करेतून, म्हणजे मुख्यतः पदार्थांत वरून घातलेल्या साखरेतून, मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले. मध आणि फळांचा रसही या मुक्त शर्करेत मोडतो. अख्खे फळ मोडत नाही.

साखर नसलेले आंबट किंवा फसफसते पेयही निर्धोक नसते, कारण त्यातील आम्ल जिवाणूंच्या मदतीशिवायच इनॅमल मऊ करते. अशा पेयानंतर लगेच दात घासणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी मऊ झालेला थर त्या घासण्याने अधिकच झिजतो. अर्धा तास थांबलेले बरे.

हिरड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना सूज येते ती मुख्यतः कडेला साचलेल्या जिवाणूंच्या थरामुळे. परंतु दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू कोलॅजन या प्रथिनाचे असतात आणि क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला सुदृढ कोलॅजन बनवता येत नाही. लांबच्या सफरींवर ताज्या फळभाज्यांना पारखे झालेल्या खलाशांच्या हिरड्या सुजून रक्ताळत आणि दात हलू लागत. या स्कर्व्ही रोगावर संत्री व लिंबे गुणकारी ठरतात, हे जेम्स लिंड यांनी १७४७ साली जहाजावरच पडताळून पाहिले. तथापि, आहारात क जीवनसत्त्व पुरेसे असताना हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आणखी संत्री खाऊन ते थांबेल अशी आशा धरू नये. तिथे तो थर काढणे हाच उपाय आहे.

हिरडी मागे सरकली, की दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमल नसते आणि तो भाग सामू ६ च्या वर असतानाही विरघळू लागतो. त्यात उतारवयात घेतलेल्या अनेक औषधांमुळे लाळ कमी झालेली असेल, तर तोच घास खाल्ल्यावर पडद्यावरची ही रेषा सावकाश वर चढते आणि तिला गाठायची पातळीही आधीपेक्षा उंचावर गेलेली असते.