शहराला कोट्यवधी येतात, मग भजनी मंडळाला का नाही? आधी लेखाशीर्ष बघा!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आज दुसरा विषय घेणं शक्यच नव्हतं. "शहराला एवढा निधी येतो, मग आमच्या भजनी मंडळाला, लेझीम पथकाला, हौशी नाटकवाल्यांना का मिळत नाही?"

सुरुवातीचं भराभर सांगतो. पालिकेकडे पैसा येतो वित्त आयोगाकडून, राज्याच्या योजनांतून, जिल्हा नियोजनातून आणि आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीतून. संस्कृती हे पालिकेचं काम आहे का? आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी जे १८ विषय ठरवले, त्यातला तेरावा हाच. पण विषय दिला म्हणजे त्याच्यासाठी पैसा बाजूला काढून दिला, असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांखालच्या शहरांना जे अनुदान दिलं, त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. तो भजनाकडे वळवता येत नाही, आणि वळवूही नये.

आता खरा मुद्दा. इथे घाई करू नका. सरकारी पैसा दोन प्रकारचा असतो, भांडवली आणि महसुली. भांडवली म्हणजे वस्तू, इमारत, बांधकाम. महसुली म्हणजे दर वर्षी लागणारा चालू खर्च. परंपरा जगते ती या दुसऱ्या पैशावर, आणि शहरांना संस्कृतीच्या नावाने मिळतो तो बहुतेक पहिला. माझं सगळं भांडण एवढ्यासाठीच आहे.

कोल्हापूरचं बघा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्याच दिवशी संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव यांची जयंती होती. ते फोटो मला आजही बघवत नाहीत. पुढे सरकारने पुनर्बांधणीसाठी २० कोटी जाहीर केले. द्यायलाच हवे होते, त्याबद्दल दुमत नाही. पण हे पैसे भिंती, छत, रंगमंच आणि खुर्च्यांचे. त्या रंगमंचावर उभं राहणाऱ्या हौशी संस्थेचं भाडं, तालमीची जागा, नेपथ्याचा टेम्पो यातलं काहीही त्या २० कोटींत बसत नाही, बसवताही येत नाही.

काही जणांनी लिहिलंय, "निधी आला म्हणजे वरच्या वर खाल्ला." दादा, खाल्ला असेल तर पकडा, माहितीचा अधिकार आहे. पण जो पैसा मुळात तुमच्या कामासाठी आलाच नव्हता, त्याच्या नावाने ओरडून हाती काय लागणार? प्रश्न चुकीच्या टेबलावर गेला, की टेबलावरचा माणूस सुटतो. मला याचा फार राग येतो.

हेच आता पखवाजाच्या बाजूने बघू. २०२५मध्ये राज्याने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला आणि १,८०० भजनी मंडळांना साहित्य खरेदीसाठी प्रत्येकी २५,००० रुपये जाहीर केले. नाव काय? भांडवली अनुदान! म्हणजे पखवाज घ्या, टाळ घ्या, पेटी घ्या. छान. पण पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी कणीक लावावी लागते, उजव्याची शाई उडते, बाजूच्या चामडी वाद्या सैल पडतात, तोंडावरची कातड्याची पुडी फाटते. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा पखवाज कितीतरी दिवस खुंटीला होता, कारण पुडी बदलायला पैसे नव्हते आणि मुलांना हात बसवून देणारे बुवा थकले होते. बुवांच्या जाण्यायेण्याचा खर्च कुठल्या भांडवलात धरायचा?

"रस्त्यात खड्डे आणि तुम्हाला भजन सुचतंय" असं लिहिणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. १,८०० गुणिले २५,००० म्हणजे साडेचार कोटी, तेही अख्ख्या राज्यात मिळून. एवढ्याने कुठल्या शहराचे खड्डे बुजणार आहेत?

अजून एक सूचना सारखी येते, "बंगालसारखं मंडळांना थेट द्या." तिथे दुर्गापूजा समित्यांना २०१८मध्ये १०,००० मिळत होते, २०२५मध्ये रक्कम १,१०,०००वर गेली. उच्च न्यायालयाला उपयोगिता प्रमाणपत्रांची, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यांची, विचारणा करावी लागली. मला ही वाट पटत नाही. पैसा उत्सवाच्या समितीला जातो, वाजवणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला त्यातलं किती मिळेल याची हमी नसते.

आता कागदावर हा फरक ओळखायचा कसा? राज्याचा शासन निर्णय उघडला, की पहिल्या पानावरची रक्कम वाचून फोन बंद करू नका. खाली लेखाशीर्षाचा, म्हणजे हा पैसा सरकारी हिशोबात कुठल्या खात्यावर टाकलाय त्याचा, लांबलचक आकडा असतो आणि त्याच्या शेवटी दोन आकडी उद्दिष्ट शीर्ष, म्हणजे तो कशावर खर्च करायचा ते. ५३ असेल तर मोठी बांधकामे. ३५ असेल तर भांडवली मत्तेच्या, म्हणजे टिकाऊ मालमत्तेच्या, निर्मितीसाठी अनुदान. ३१ असेल तर सहायक अनुदान, वेतनेतर, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाला. चालू खर्चाला जागा असलीच तर या ३१मध्ये. दोनच अंक आहेत, पण तुमच्या अर्जाचं काय होणार ते बरंचसं तिथेच कळतं.

एका नगरपालिकेत मी मंडळाच्या पोरांबरोबर गेलो होतो. अर्जात लिहिलं होतं, "सांस्कृतिक कार्यास मदत मिळावी." टेबलावरच्या बाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "कुठल्या शीर्षाखाली टाकू?" सगळे गप्प! त्यांचा प्रश्न बरोबर होता. अर्थसंकल्पात शीर्षच नसेल, तर चांगल्या मनाचा कर्मचारीसुद्धा एक रुपया देऊ शकत नाही.

म्हणून मागणी बदला. "मदत द्या" नको. "पारंपरिक कला प्रशिक्षण आणि वाद्य दुरुस्ती असं स्वतंत्र शीर्ष अर्थसंकल्पात उघडा आणि त्यात तरतूद करा" असं लिहा. पैसा पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागा, कारण तो बांधलेला नसतो. आणि वेळ सांभाळा. अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडतात, पण विभागांचे अंदाज त्याआधीच तयार होतात. गणपतीच्या तोंडावर अर्ज नेऊन उपयोग नाही, दिवाळी झाली की जा. नगरसेवकाची सही घ्या, पोच घ्या, पोच जपून ठेवा.

तुमच्या पालिकेच्या अर्थसंकल्पात असं शीर्ष आधीच असेल, तर पानाचा फोटो काढून शीर्षाचं नाव आणि रक्कम खाली लिहा. ज्यांच्याकडे नाही, त्यांना अर्जाला जोडायला तोच कागद लागणार आहे.