भोक पडलेली थैली

श्रोतेहो, नमस्कार.

इसवी सनापूर्वी 520. यरुशलेमात उन्हाळा सरत आलाय, सहाव्या महिन्याचा पहिला दिवस आहे. हाग्गय नावाचा संदेष्टा लोकांसमोर उभा राहतो आणि विचारतो, देवाचं घर उजाड पडलं असताना तुम्ही तक्तपोशीच्या घरांत खुशाल राहावं, अशी ही वेळ आहे का?

समोर प्रांताधिकारी जरुब्बाबेल आहे, महायाजक यहोशवा आहे आणि बाबेलच्या बंदिवासातून परतलेली यहूदी माणसं आहेत; बाबेलच्या राजानं यरुशलेमातलं पहिलं मंदिर पाडून लोकांना तिकडे नेलं होतं. पुढे पारसचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश यानं त्यांना मायदेशी जाऊ दिलं होतं. आल्या आल्या त्यांनी मोठ्या हौसेनं मंदिराचा पाया घातला. मग शेजाऱ्यांचा विरोध झाला, पोटापाण्याची ओढाताण सुरू झाली आणि काम पंधरा-सोळा वर्षं अडून राहिलं. मंदिर नकोच, असं कुणी म्हणत नव्हतं. ‘अजून वेळ आली नाही,’ एवढंच म्हणायचे.

हाग्गय त्यांच्या घरातल्याच गोष्टी काढतो. पुष्कळ पेरलंत, घरी आलं थोडं. जेवता, पण पोट भरत नाही. अंगावर कपडे आहेत, ऊब नाही. मजूर रोजगार मिळवतो आणि टाकतो भोक पडलेल्या थैलीत! ज्यानं महिनाअखेरीला डबा उलटा करून पाहिलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या वर्षी अवर्षण होतं. धान्य, द्राक्षारस, तेल, सगळ्यालाच त्याची झळ बसली होती. डोंगरावर जा, लाकूड आणा, घर बांधा, असं त्यानं सांगितलं. त्याच महिन्याच्या 24 तारखेला लोक कामाला लागले.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पुढचा प्रसंग. सातवा महिना, यहूद्यांच्या मांडवांच्या सणाचा शेवटचा दिवस. काम सुरू होऊन महिनाही झालेला नाही. हाग्गय विचारतो, पहिलं मंदिर ज्यांनी पाहिलंय असं तुमच्यात कोण उरलंय? शलमोन राजाचं ते सोन्यानं मढवलेलं मंदिर पडून साठाहून जास्त वर्षं झाली होती. म्हणजे हा प्रश्न सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना होता. त्यांच्या डोळ्यांत ते वैभव, आणि पुढ्यात हे दगड. हे तुम्हाला काहीच नसल्यासारखं वाटतंय ना, असं तो स्वतःच बोलून दाखवतो. त्यांचं दुःख तो खोटं ठरवत नाही. मग जरुब्बाबेलाला, यहोशवाला आणि साऱ्या लोकांना एकच सांगतो: हिंमत धरा, काम करा, मी तुमच्याबरोबर आहे, असं देव म्हणतो.

मंदिर पुरं झालं इसवी सनापूर्वी 515 साली, पारसच्या दारयावेश राजाच्या सहाव्या वर्षी. हाग्गयाची नोंदलेली भाषणं मात्र चार महिन्यांच्या आतच संपतात. शेवटच्या दिवशी, नवव्या महिन्याच्या 24 तारखेला, तो शेतकऱ्यांना विचारतो, बियाणं अजून कोठारात आहे का? ते तर मातीत गेलंय. अंजीर, डाळिंब, जैतून, कशालाच अजून फळ नाही. आणि तरीही तो देवाचा शब्द सांगतो: आजपासून मी तुम्हाला आशीर्वाद देईन.